अण्णांची उर्दू वही



हैदराबादच्या आपल्या लोकांनी इथे सुलतान बाजार, विवेक वर्धिनी, गणेशोत्सव, जुने वाडे यांवर भरपूर लिहिलंय. मी ते सगळं आवडीने वाचतो. आज मी लिहिणार आहे ते जरा आडवाटेचं आहे. आमच्या घरी एक पत्र्याची ट्रंक आहे आणि तिच्यात वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, कॉलेजच्या सहा वह्या आहेत. सहाही उर्दूत. अण्णा गेल्यावर पस्तीसेक वर्षं त्या वह्या घरातल्या कोणालाच वाचता येत नव्हत्या. मी बी.कॉम., त्यानंतर सगळी नोकरी बँकेत. इतिहास लिहिण्याचा मला अधिकार नाही, पण हिशेब लिहायची सवय आहे. तेव्हा हा एक हिशेबच समजा.

आमचं मूळ घराणं बीदर जिल्ह्यातलं, भालकीकडचं. घरात मराठी, बाजारात कानडी, कचेरीत उर्दू. त्या काळी यात कोणाला काही विशेष वाटत नसे. निजामाच्या राज्यात मराठी बोलणारे साधारण पाव हिस्सा, तेलुगू बोलणारे निम्म्याच्या आसपास, शिवाय कानडी. मुसलमान शंभरात बारा-तेरा. राजा मुसलमान आणि प्रजेत मुसलमान अल्पसंख्य, असं ते राज्य. 1880 च्या दशकात राज्यकारभारातून फारसी जाऊन उर्दू आली, आणि ज्याला सरकारी नोकरी पाहिजे त्याने उर्दू शिकायची हे ठरून गेलं. आमचे आजोबा कुलकर्णीपणाचं दप्तर सांभाळत. त्यांनी दोन्ही मुलांना पाटीवर आधी 'श्री' काढायला शिकवलं आणि त्याच आठवड्यात 'अलिफ'.

उच्च शिक्षणाची गोष्ट सांगायची तर सुरुवात पहिल्या सालारजंगांपासून करावी लागते. 1850 च्या दशकात त्यांनी 'दारुल उलूम' ही शाळा काढली. अरबी-फारसीचं जुनं शिक्षण आणि नवं शिक्षण एका छपराखाली आणायचा तो पहिला सरकारी प्रयत्न. पुढे मद्रासशी जोडलेलं निजाम कॉलेज निघालं, ते इंग्रजी माध्यमाचं. मग 1917 मध्ये सर अकबर हैदरींनी निजामाला एक निवेदन दिलं. परक्या भाषेत शिकून मुलांची अर्धी ताकद भाषेतच खर्च होते, तर आपलं विद्यापीठ देशी भाषेतून शिकवणारं असावं, असा त्याचा आशय. त्यातून उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं. 1918 ला सनद निघाली, 1919 ला वर्ग सुरू झाले. देशी भाषेतून वरच्या वर्गाचं सगळं शिक्षण देणाऱ्या हिंदुस्थानातल्या पहिल्या आधुनिक विद्यापीठांपैकी हे एक. इंग्रजी सक्तीची होती, पण एक विषय म्हणून.

पुस्तकं कुठून आणायची? त्यासाठी 'दारुल तर्जुमा' म्हणून भाषांतराचं खातं आधीच काढलं होतं. मौलवी अब्दुल हक़ त्याचे पहिले प्रमुख. पदार्थविज्ञान, गणित, कायदा, वैद्यक, इतिहास, सगळ्याची उर्दू पुस्तकं तिथे तयार झाली. एकेका शब्दासाठी मौलवी आणि प्रोफेसर समोरासमोर बसून भांडत. अर्थशास्त्राला 'मआशियात', पदार्थविज्ञानाला 'तबीइयात', गणिताला 'रियाज़ी'. अण्णा बी.ए.ला मआशियात शिकले. मी बी.कॉम.ला इंग्रजीत डिमांड-सप्लाय पाठ करत बसलो की ते पलीकडून 'तलब और रसद' असं म्हणायचे आणि हसायचे. मला तेव्हा त्या हसण्याचा राग यायचा.

आता मुद्द्याचं. उस्मानियात 'शोबा-ए-दीनियात', म्हणजे इस्लामी धर्मविद्येचं खातं होतं. इतकंच नाही, प्रत्येक मुसलमान विद्यार्थ्याला, मग तो विज्ञानाचा असो की कलेचा, दीनियातचा पेपर सक्तीचा होता. आणि बाकीच्यांनी काय करायचं? त्यांना 'अख़लाक़ियात', म्हणजे नीतिशास्त्र. घंटा झाली की वर्ग दोन भागांत फुटायचा. अण्णा म्हणायचे, आम्ही नीतीच्या वर्गात, ते धर्माच्या वर्गात, आणि सुटल्यावर सगळे एकाच टपरीवर चहा प्यायला. चहावरच ठरायचं, आज कोणाला जास्त झोप आली.

हे ऐकायला गोड वाटतं. पण त्यातली दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे, नाहीतर जमेच्याच रकमा लिहिल्यासारखं होईल. 1931 च्या जनगणनेत संस्थानात साक्षरता शेकडा 5 च्या आसपास होती. तेलुगू, मराठी, कानडी पोरांना आपल्या भाषेत माध्यमिक शिक्षणसुद्धा धड नव्हतं. स्वतःच्या भाषेची शाळा काढायची म्हटलं की परवानगीचे हेलपाटे. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी 1907 मध्ये विवेक वर्धिनी उभी केली ती अशा मुलखात. देशी भाषेचं विद्यापीठ ही गोष्ट अभिमानाची खरीच, पण ती देशी भाषा फार तर दहाबारा टक्क्यांची मातृभाषा. हैदरींचं म्हणणं बरोबर होतं आणि ते निम्म्याहून अधिक प्रजेला लागू होत नव्हतं, दोन्ही एकाच वेळी. उस्मानियात मराठीचा विभाग होता, डॉ. ना. गो. नांदापूरकरांसारखे कवी-अभ्यासक तिथे मराठी शिकवत. म्हणजे मराठीला खोली होती, घर नव्हतं.

1938 चा नोव्हेंबर. वसतिगृहातल्या हिंदू मुलांनी प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणायला सुरुवात केली, अधिकाऱ्यांनी बंदी घातली, मुलांनी संप केला. औरंगाबादच्या कॉलेजातही तेच. शेकडो मुलांना काढून टाकलं. त्यांना दारं उघडली नागपूर विद्यापीठाने. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. याच माणसाने पुढे हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेली, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक असतं काय की.

आमचे थोरले काका वसतिगृहात होते. ते संपात गेले, निघाले, नागपूरला पोचले. अण्णा धाकटे, गौळीगुड्यात एका नातेवाइकांकडे राहून शिकत होते. ते वर्गात बसून राहिले.

या एका वाक्यावर आमच्या घरात सत्तेचाळीस वर्षं कोणी बोललं नाही. काका पुढे मुक्तिसंग्रामात होते, मग नांदेडला स्थायिक झाले, त्यांना सन्मानपत्र मिळालं, दर 17 सप्टेंबरला त्यांचा सत्कार होई. अण्णा दरवर्षी त्यांना अभिनंदनाचं कार्ड पाठवायचे आणि स्वतः कधी जायचे नाहीत. लग्नकार्यात भेटले की दोघे शेती आणि पाऊस यांवर बोलत. नागपूरची संत्री घरात आणली तरी आई पटकन आत न्यायची, अशी परिस्थिती. मी लहानपणी एकदाच विचारलं, "अण्णा, तुम्ही का नाही गेला?" ते म्हणाले, "वज़ीफ़ा होता." त्यापुढे काही नाही. वज़ीफ़ा म्हणजे सरकारी शिष्यवृत्ती. पोरवयात मला हे उत्तर फार भिकार वाटलं होतं.

1939 च्या डिसेंबरात आर्ट्स कॉलेजची ती भव्य दगडी इमारत उघडली. तिच्यात मशिदीच्या कमानी आहेत आणि लेण्यांतल्यासारखे खांबही आहेत. अण्णा त्या इमारतीत शिकून बी.ए. झाले. शेरवानीतला त्यांचा फोटो आमच्या दिवाणखान्यात होता. पाहुणे विचारायचे, "हे कोण, नवाबसाहेब?"

मग 1948. रझाकारांचा धुमाकूळ, सप्टेंबरातली पोलीस ॲक्शन, आणि त्यानंतर मराठवाड्यात नि इतरत्र मुसलमानांच्या झालेल्या कत्तली. पहिल्या गोष्टीबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलतात, शेवटच्या गोष्टीबद्दल कमी. तिच्या चौकशीला पंडित सुंदरलालांची समिती पाठवावी लागली होती, एवढं तरी म्हणून ठेवतो. उस्मानियाचं माध्यम एका झटक्यात इंग्रजी झालं. दीनियातची सक्ती गेली. ती जायलाच हवी होती. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही, हे घटनेच्या कलम 28 मध्ये स्पष्ट आहे. पण त्याबरोबर दारुल तर्जुमाची ती मेहनतही अडगळीत गेली. ज्या उर्दूच्या दाराबाहेर लाखो लोक तिष्ठत उभे होते ते दार बंद झालं आणि शेजारी इंग्रजीचं दार लागलं. तिष्ठत उभे होते त्यातले बहुतेक तिथेच राहिले, आणि आत होते तेही बाहेर आले.

या उलथापालथीत एका माणसाची गोष्ट मला नेहमी आठवते. मुहम्मद हमीदुल्लाह. जन्म 1908, हैदराबादचा. जामिया निज़ामिया या मदरशात शिकले, उस्मानियात कायदा शिकले, जर्मनीत बॉनला आणि पॅरिसला सोर्बॉनला डॉक्टरेट केली. उस्मानियात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायचे. 1948 मध्ये हैदराबादची बाजू मांडायला संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या शिष्टमंडळात ते होते. ते तिकडे असतानाच राज्य संपलं. मग ते पॅरिसलाच राहिले. ना भारताचं नागरिकत्व घेतलं, ना पाकिस्तानचं. कुराणाचं फ्रेंच भाषांतर केलं, आयुष्यभर लिहीत राहिले, 2002 मध्ये अमेरिकेत वारले. त्यांची राजकीय बाजू मला मान्य नाही. पण देशादेशांमधला कायदा शिकवणाऱ्या माणसाला अखेरपर्यंत देशच नसावा, याचं वाईट वाटतंच.

जामिया निज़ामियाचं नाव आलं, तर तिच्याबद्दल थोडं. हुसैनी आलमजवळ शिबली गंजात हा मदरसा आहे, 1870 च्या दशकापासून. संस्थापक मौलाना अन्वारुल्लाह फ़ारूक़ी. हे गृहस्थ आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचे! सहाव्या आणि सातव्या निजामाचे ते शिक्षक होते. दायरतुल मआरिफ़ ही जुनी अरबी हस्तलिखितं शोधून छापणारी संस्था 1888 मध्ये निघाली, तिच्या उभारणीतही ते होते. तिची पुस्तकं आजही जगभरच्या ग्रंथालयांत जातात. मदरसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोलत पाठांतर करणारी पोरं येतात. पण वरच्या वर्गांत व्याकरण, तर्कशास्त्र, कायदा, वारसाहक्क असं बरंच असतं. मौलवी, आलिम, फ़ाज़िल, कामिल अशा चढत्या पदव्या. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, एका चुकीने शिकवलं.

साल 1984. माझी बदली जुन्या शहरातल्या, चारमिनारपलीकडच्या एका शाखेत झाली. मी तिथे नवा, उर्दू बोलता येई पण वाचता येत नसे. एक पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण बचत खातं उघडायला आला. टोपी, दाढी, पांढरा कुडता. एका अनुदानित शाळेत अरबी शिकवायला लागला होता, पगार बँकेत जमा होणार होता. फॉर्मवर त्याने उर्दूत सही केली. देशी लिपीतल्या सहीला मजकूर समजावून सांगितल्याची नोंद लागायची. अंगठ्याच्या खात्यांसाठी आमच्याकडे तयार शिक्का होता: निरक्षर, मजकूर वाचून समजावला. गर्दी होती, शिक्का हाताशी होता. मी मारला.

तीन आठवड्यांनी तो परत आला. चेकबुक मागितलं तर काउंटरवर सांगितलं, निरक्षर खातेदाराला चेकबुक मिळत नाही. माझ्या टेबलावरची नावाची पाटी त्याने वाचली आणि चक्क मराठीत म्हणाला, "साहेब, आम्ही कंधारकडचे. पोलीस ॲक्शननंतर आजोबा इकडं आले. मी निज़ामियाचा फ़ाज़िल आहे. निरक्षर काहून लिवलं?" मी नियमावली काढली, आवाज चढवला, अर्ज द्या म्हणालो. तो देतो म्हणाला आणि निघून गेला. व्याज नको होतं त्याला, ते दान करायचा, हा आमच्या स्टाफचा विनोदाचा विषय होता. मीही हसलो होतो.

त्याच महिन्यात एका मयत खातेदाराचे वारस आले. गॅरेजवाला माणूस, खात्यात चौदा हजार चारशे रुपये. मागे बायको, म्हातारी आई, एक मुलगा, दोन मुली. कोणाला किती यावर बँकेतच आवाज चढले. बँकेला त्यांच्या वाटणीशी कर्तव्य नसतं, सगळ्यांच्या सह्या आणि हमीपत्र असलं की झालं, पण सह्याच होईनात. दुसऱ्या दिवशी ते मोहल्ल्यातून एकाला घेऊन आले. तोच तरुण. त्याने माझ्यासमोर, कागद न घेता सांगितलं: बायकोचा आठवा हिस्सा, आईचा सहावा, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे एकूण शहाण्णव भाग करा. बायकोला 12, आईला 16, मुलाला 34, मुलींना 17-17. दीडशे रुपयाचा एक भाग. बायकोला अठराशे, आईला चोवीसशे, मुलाला एकावन्नशे, मुलींना पंचवीसशे पन्नास. मी मशीनवर बेरीज मारली. बरोबर चौदा हजार चारशे.

या शास्त्राला 'फ़राइज़' म्हणतात. पुढे मला कळलं, बीजगणित ज्याच्या ग्रंथावरून ओळखलं जातं त्या अल-ख्वारिज़्मीने त्या ग्रंथाचा मोठा भाग याच वाटणीच्या गणिताला दिलाय. मुलीला निम्मं का, यावर माझा वाद आहे आणि मी तो त्याच्याशी पुढे अनेकदा घातलाही. पण माणूस निरक्षर?

रात्री जेवताना ही गंमत म्हणून अण्णांना सांगितली. अण्णांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "मीही निरक्षरच. माझं सगळं शिक्षण त्याच लिपीत झालं. लाव शिक्का." जेवण झाल्यावर ते उठून फोटोसमोर उभे राहिले, म्हणाले, "सत्तेचाळीसपर्यंत मराठीत शिकलेल्याला इथे कचेरीत हेच ऐकावं लागत होतं. आम्ही नाही का भोगलं? आता तू तेच कर."

दुसऱ्या दिवशी मी शिक्क्यावर रेघ मारली, वर 'साक्षर, फ़ाज़िल (अरबी)' लिहिलं, आद्याक्षरं केली. वरिष्ठांनी विचारलं, कुठल्या सर्क्युलरने? मी म्हणालो, चूक माझी आहे, दुरुस्ती माझ्या सहीने. त्यांनी माझ्या गोपनीय अहवालात काय लिहिलं ते मला माहीत आहे, पण जाऊ दे.

आपण मराठी माणसं इथे भाषिक अल्पसंख्याक. घटनेचं कलम 30 आपल्यालाही आहे आणि निज़ामियालाही, एकाच ओळीत: धर्मावर आधारलेले असोत की भाषेवर, अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढता आणि चालवता येतात. कोण अल्पसंख्य हे राज्य बघून ठरतं, असं 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टी.एम.ए. पै खटल्यात सांगितलं. म्हणजे मी हैदराबादेत अल्पसंख्य, आणि रात्रीच्या गाडीत बसून नांदेडला उतरलो की बहुसंख्य. माणूस तोच, डबाही तोच. आपल्यातले काहीजण मदरशांचा विषय निघाला की 'यांना वेगळ्या संस्था कशाला' असं म्हणतात, आणि संध्याकाळी मराठी शाळेच्या अनुदानाच्या मीटिंगला येतात. मीही त्या मीटिंगला असतो.

1985 च्या पावसाळ्यात काका गेले. अण्णा नांदेडला जाऊन आले आणि सहा महिन्यांनी तेही गेले. ट्रंक माळ्यावर पडली.

तो फ़ाज़िल आता साठीच्या पुढे आहे, निवृत्त झालाय. ईदला शीरखुर्मा येतो, दिवाळीला आमच्याकडून चिवडा जातो. मोठी मैत्री वगैरे म्हणणार नाही, पण चाळीस वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर ट्रंक उघडली आणि वह्या त्याच्यापुढे ठेवल्या. पाच वह्यांत मआशियातच्या नोट्स. तो वाचत गेला, मी ऐकत गेलो, बऱ्याच शब्दांना मीच म्हणायचो, हां, म्हणजे अमुक. सहाव्या वहीच्या शेवटच्या पानावर नोट्स नव्हत्या, आकडे होते. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "साहेब, हा तर हिशेब आहे. वर 'नागपूर' लिवलंय."

त्याने सांगितलं तसं मी कागदावर उतरवून घेतलं. नागपूरला फी आणि खानावळ मिळून दरमहा 18 कलदार. निजामाचं नाणं वेगळं होतं, हाली म्हणत. 7 हालीला 6 कलदार. म्हणून पुढे लिहिलंय, 21 हाली. खाली, घरी पाठवायचे 5. त्याखाली, वज़ीफ़ा, आणि त्यावर काट मारलेली. शिकवण्या, जमा 6. शेवटी तूट, 20 हाली. त्याखाली बारीक अक्षरात, रेल्वेचं भाडं वेगळं. तारीख नाही.

मी बेरीज तपासली. बरोबर आहे. पानाचा फोटो काढून नांदेडला काकांच्या मुलाला पाठवला, खाली मराठीत सगळं लिहून. त्याने रात्री फोन केला आणि विचारलं, "वीस हाली म्हणजे आमच्या नाण्यात किती रे?" मी म्हणालो, सतरा रुपये दोन आणे, त्याच्याही जरा वर. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, बाबांना तेव्हा दोन शिकवण्या होत्या नागपुरात.